भाकरीचा तुकडा नेमका कधी द्यायचा

आमचं घर निघोज्यात, कंपन्यांकडं जाणाऱ्या रस्त्याला अगदी लागून. पहिल्या शिफ्टच्या दुचाक्या सुरू झाल्या की आमचा कुत्रा त्यांच्यामागं सुसाट! मग मी दारातून भाकरीचा तुकडा दाखवायची, "ये रे बाळा, ये!" तो यायचा, मी द्यायची. मला वाटायचं, बघा कसा ऐकतो माझं!

एक दिवस शेजारची मुलगी कंपनीत निघालेली. हा धावला, ती दचकली आणि स्कूटीसकट पडली. कोपर सोलून निघालं. म्हणाली, "काकू, मला आता भ्याच वाटतं. आठ दिवस बघा. न्हाई सुधारला तर लांब सोडून या त्याला."

तिचं काय चुकलं हो? आमच्या ह्यांनी त्याला हाक मारून जवळ बोलावलं आणि चप्पल हाणली. कुत्रा एवढंच शिकला, ह्यांनी हाक मारली की जायचं नाही.

सूनबाई कंपनीत क्वालिटीला आहे, चूक शोधायचंच तिचं काम. ती हसायलाच लागली. "आई, तो धावला की तुम्ही भाकरी देता. म्हणजे भाकरी पाहिजे तर आधी धावायचं. तुम्हीच त्याला ओव्हरटाइमला लावलाय!"

घ्या! इतके दिवस मीच शिकवत होते की!

दुसऱ्या दिवसापासून मी दोरी धरून पायरीवर. गाडीचा आवाज आला आणि त्यानं माझ्याकडं बघितलं, की लगेच नखाएवढा तुकडा. ओढ घेतली, की भाकरी पदराआड आणि माझी पाठ त्याच्याकडं. मारायचं नाही, ओरडायचंही नाही. हे दुसरं मला फार जड गेलं. हे म्हणाले, "कुत्र्याच्या आधी तूच शिकली की गप बसायला!"

आठव्या दिवशी तीच मुलगी लांबून येताना दिसली. मी दोरी सोडली. ह्याचे कान ताठ, एक पाय उचललेला, अंगभर थरथर. गेला, आता गेला... आणि मान वळवून त्यानं माझ्याकडं बघितलं! अहो, नखाएवढा कसला, अर्धी भाकरीच दिली मी. सूनबाई आतून ओरडतेय, "आई, एवढी नको!" पण ऐकतंय कोण?

मुलीनं स्कूटी थांबवली. "काकू, एक तुकडा द्या इकडं. मी देते." तिनं स्कूटीवरूनच हात लांब केला. त्यानं अलगद घेतला.

"राहू द्या त्याला," म्हणाली, आणि कामावर गेली. मी तशीच आत पळाले, ह्यांना सांगायला.