अंबादासचे चिनी डोंगर

"नान्ना गेले, सर..." अंबादासच्या मुलीचा, स्वप्नाचा, फोन आला तेव्हा मी तिच्या वडिलांवर रागावूनच बसलो होतो. आदल्या रविवारी आमचं वाजलं होतं, आणि पुढच्या रविवारी त्याच्याकडे जायचंच नाही असं मी ठरवलं होतं. आता दीड महिना झाला. राग कधीच उतरला, पण ते ऐकायला तो उरला नाही.

अंबादास जन्मभर सोलापुरी चादरींची नक्षी काढायचा; आधी चौकटींच्या कागदावर, मग संगणकावर. मी शाळेतला चित्रकलेचा निवृत्त मास्तर. माझ्याकडच्या एका जुन्या पुस्तकात त्यानं चिनी निसर्गचित्रं पाहिली. शाईचे डोंगर, धुकं, कोपऱ्यात मुंगीएवढा माणूस... गडी खुळावलाच. हे सगळं संगणकाकडून काढून घ्यायचं! शाई ओल्या कागदात कशी पसरते, कुंचला सुकत आला की रेघ कशी फाटते, ते तो गणितात बसवत राहिला. पहिलं चित्र पाहून मी पोट धरून हसलो. डावीकडचा डोंगर उजवीकडे आरशात पाहिल्यासारखा उलटा! चादरीत अर्धी नक्षी काढायची, उरलेली अर्धी तीच उलटवून, ही हाताची सवय. "डोंगर हाय का चादर हाय, तुमीच सांगा की सर," म्हणत तोही हसला.

पण धुकं काही जमेना. त्या चिनी चित्रांत धुकं म्हणजे कोरा सोडलेला कागद. चित्रात मोकळी जागा दिसली की हा तिथं झाड घालायचा, नाहीतर ढग. मोकळी चादर गिऱ्हाईक बाजूला सारतं, हे त्याच्या हाडीमाशी खिळलेलं. दर रविवारी नवं चित्र दाखवून विचारायचा, "आता झालं का पूर्ण?" मी नाही म्हणून मान हलवायचो. त्या शेवटच्या रविवारी मात्र माझी जीभ सुटली. "यंत्राला कुठलं आलंय धुकं? सोड हा नाद."

तो चिडला. "यंत्राला जमत न्हाय म्हणू नका. मला जमत न्हाय म्हणा की!"

चहा न घेताच मी उठलो. मास्तरकी आडवी आली, दुसरं काय. त्याचं मला फार वाईट वाटतं.

परवा स्वप्नानं बोलावून त्याचं शेवटचं चित्र पडद्यावर उघडलं. खाली डोंगराचा पायथा, वर शिखराची पुसट रेघ. मधे झाड नाही, ढग नाही, नुसता पांढरा कागद. आणि डोंगर उभा होता, चांगला उंच.

"अर्धंच राहिलं ना, सर?" तिनं विचारलं.

"नाही गं," मी म्हणालो. "पूर्ण झालंय."