राखणीतली डुलकी

उन्हाळा लागला की माझ्या खिडकीतून समोरची गच्ची पांढरीशुभ्र दिसते. काकूंच्या कुरडया वाळत असतात आणि राखणीला काठी घेऊन बसलेले काका डुलक्या घेत असतात.

काकू मोबाइलवर कुरडयांचे फोटो टाकायच्या. कडेला गुलाब, वर 'शुभ सकाळ'. मला त्या गुलाबाचा वैताग यायचा. लोक उलट शुभ सकाळ म्हणायचे, कुरडया मात्र कुणी मागवायचं नाही. मग एकदा व्हिडिओ काढतानाच कावळा आला नि काकू कडाडल्या, "अहो, झोपलात काय! नेली ना कुरडई त्याने!" चुकून तो व्हिडिओ तसाच गेला. गावभर लोक हसले, आणि कुरडयांच्या मागणीला खंड राहिला नाही.

गुलाब काय, कुणाच्याही फोटोत असतो. हे ऊन, ही काठी, हे हक्काचं ओरडणं या एकाच गच्चीवरचं. कुरडईबरोबर माणसांना ते घरही थोडंसं हवं असतं.

आज पाहिलं तर काका इस्त्रीचा शर्ट घालून ताठ बसलेले, टक्क जागे. समोर मोबाइल धरून काकू ओरडत होत्या, "अहो, झोपा की जरा! लोक वाट बघतायत!"