सर्जेराव नानाला विकलेली वायर

सर्जेराव नानाबद्दल चांगलं बोलायचा हक्क मला न्हाई. तरी बोलून राह्यलो, कारण माणूस काय होता हे कळल्याबिगर मी काय केलं ते कळायचं न्हाई. मंग शिव्या द्यायच्या त्या खुशाल द्या.

मी राधेश्याम. मंठ्यात टीव्ही, स्पीकर, अँप्लिफायर विकतो, दुरुस्त करतो. नाना जवळच्याच एका खेड्यातला. अठ्ठावीस वर्षं जालन्यात एका सळयांच्या कारखान्यात राबला. तिथं त्याचं नाव होतं ते कानासाठी. मशीनचा रोलर तडकायच्या आधी नानाला आवाजावरून कळायचं. तो "बंद करा" म्हणला की मुकादम कारण विचारत नसे. गावी आल्यावरही तेच. कुणाची विहिरीवरची मोटर बिघडली की मिस्त्रीच्या आधी नानाला बोलावणं. नाना उकिडवा बसून ऐकायचा आन म्हणायचा, "बेरिंग गेलं." गेलेलंच असायचं.

रिटायर झाल्यावर लोकांनी फंडातून प्लॉट घेतले, नानानं माझ्याकडून अँप्लिफायर आन दोन उंच स्पीकर नेले. "बसायला धड खुर्ची न्हाई, आन गाण्याला दोन कपाटं," असं त्याची बायको चांगुणाबाई म्हणायची. तिचंही खोटं नव्हतं. स्वतः नाना विरलेलं धोतर दंड घालून नेसायचा, पण स्पीकरवर झाकायला कापड नवं कोरं. दोन्ही स्पीकरपासून सुतळीनं मोजून बराबर मधी पाट मांडायचा आन रोज संध्याकाळी जुनी भजनं ऐकायचा. "डोळे झाक राधेश्याम," म्हणायचा, "बुवा बराबर समोर बसलाय बघ." आन खरंच तसं वाटायचं.

तीन वर्षांखाली नाना दुकानात आल्ता. म्हणला, "डावा स्पीकर कमी बोलून राह्यला. बुवा मधून उठून उजवीकडं जाऊन बसलाय."

मी त्याच्या घरी गेलो. मला तर दोन्ही स्पीकर सारखेच ऐकू येत होते. नाना चहा सांगायला आत गेला तेवढ्यात मी दोन्ही स्पीकर वायरीसकट उचलून जागा बदलल्या. आता डावीकडचा उजवीकडं. बिघाड सामानात असता तर कमी आवाज त्याच्यासंगं उजवीकडं जायला पाह्यजे होता. नाना येऊन पाटावर बसला, डोळे झाकले. म्हणला, "न्हाई. डावाच कमी."

म्हणजे स्पीकर चांगला होता, कमी झाला होता नानाचा कान. त्या कानात कापसाचा बोळा होता, लसूण कढवलेल्या तेलाचा वास येत होता. लहानपणापासून फुटायचा म्हणे तो कान, तेल टाकलं की थांबायचा.

ज्याचं नाव कानावर, त्याला "नाना, कान दाखवा" म्हणायची हिंमत झाली न्हाई, असं मी स्वतःला लई दिवस सांगितलं. झूट. माझ्या दुकानात पुण्याहून मागवलेली एक वायर चार वर्षं काचेत पडून होती. अंगठ्याएवढी जाड, वरून विणलेलं कापड, टोकाला सोनेरी पिना. किंमत चांगल्या बकरीएवढी, त्यामुळं गिऱ्हाईक फिरकत नव्हतं. दहा फुटाला साधी तांब्याची वायर भरपूर होते, माझ्या घरीसुद्धा तीच हाये. तरी मी म्हणलो, "नाना, वायर बदला. ही खानदानी चीज हाये. आपण जाऊ, ही राहील."

वायर लावली, आन लावता लावता अँप्लिफायरचं एक बटण हळूच डावीकडं फिरवलं. त्यानं उजवा आवाज कमी होतो, बस. नानानं डोळे झाकले. थोड्या वेळानं म्हणला, "आला. बुवा मधी आला." त्याच्या डोळ्यात पाणी होतं, आन मी चहा पीत होतो.

त्यानं गावभर माझं नाव केलं. पुढं दर दोन-चार महिन्यांनी निरोप यायचा, बुवा परत सरकला. मी जायचो, पिना पुसल्यासारखं करायचो आन बटण अजून थोडं फिरवायचो. पंचमीला फिरवलं, दिवाळीला फिरवलं, संक्रांतीला फिरवलं. शेवटी बटण टोकाला टेकलं, तरी मी तोंड उघडलं न्हाई.

मंग एक दिवस नाना चक्कर येऊन पडला. लेक दैवशाला त्याला जालन्याला घेऊन गेली. कानातल्या घाणीनं आतलं हाड खाल्लं होतं. ऑपरेशन झालं. जीव वाचला, डावा कान कायमचा गेला. "डॉक्टर म्हणले, दोन वर्षं आधी आणलं असतं तर कान राह्यला असता," दैवशालानं मला दुकानात येऊन सांगितलं. "आम्हाला कळलंच न्हाई हो दादा." मी मान हलवली. खाई त्याला खवखवे म्हणतात. त्या दिवसापासून मला जेवण गोड लागलेलं न्हाई.

आन गेल्या सोमवारी नाना स्वतः आला, संगं कारखान्यातला दोस्त भुजंगराव.

"याचा बी आवाज एका बाजूला चाललाय," नाना म्हणला. "ती वायर दाखव त्याला. माझी अजून नवी दिसती बघ. तिच्यामुळं दोन वर्षं तरी ऐकलं मी."

मी भुजंगरावाला दुकानातल्या दोन स्पीकरसमोर बसवलं, डोळे झाकायला लावले. स्पीकर अदलाबदल केले. तो म्हणला, "डावाच कमी."

नानाच्या पाटावर दुसरा माणूस बसवायची ताकद माझ्यात उरली नव्हती. म्हणलो, "भुजंगराव, वायर घेऊ नका. उद्याच जालन्याला जाऊन कान दाखवा."

नाना माझ्याकडं पाहत राह्यला. मंग स्पीकरकडं पाह्यलं, परत माझ्याकडं. इतकी वर्षं मोटरीपुढं बसून ऐकताना जसा थांबायचा तसाच थांबला.

"माझ्या घरी बी असंच करून पाह्यलं व्हतंस?"

"हो," मी म्हणलो. पण आवाज फुटला न्हाई.

नानानं मान वळवून उजवा कान माझ्याकडं केला. "मोठ्यानं बोल रे. मला ऐकू येत न्हाई."

दुकानात चार गिऱ्हाइकं उभी होती. मी मोठ्यानं म्हणलो, "हो नाना. मला त्याच दिवशी कळलं होतं."