पायरीवर उतरलेला सुरय

समुद्रावरच्या वादळानं भिरकावलेला एक सुरय पक्षी सकाळी आमच्या तळ्याच्या पायरीवर बसला होता. पाठ काजळासारखी, पोट पांढरंशुभ्र. समुद्र इथून किती घाट पलीकडे! असा पाहुणा पाहून मी गप्प बसणार होय? फिरायला आलेल्या मंडळींना सांगून टाकलं, "अहो, त्यानं पंख उघडले आणि तळ्यावर अंधार पडला! म्हशी संध्याकाळ समजून घरी निघाल्या."

सगळे धावत आले. त्यांतल्या नानांनी चष्मा पुसून पाहिलं. "एवढासाच? हा तर कावळ्याएवढा! पंख उघडायला लावा की त्याला."

नानांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली, बाकीच्यांनी साथ दिली. पक्ष्यानं एक पंख जेमतेम उचलला, तोल सावरला आणि पुन्हा मिटून घेतला. लाटांवरून उडत अख्खं आयुष्य काढणारा तो जीव माझ्या थापेला पुरा पडत नव्हता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तो इथवर जिवंत पोचला, हीच केवढी मोठी गोष्ट. तिला फुगवणारा मी कोण?

नाना खडा उचलायला वाकले, तसा मी ओरडलो, "थांबा, हे तर पिल्लू! आई पलीकडे बांधावर बसलीय. याच्या चौपट!"

"मग आधी नाही का सांगायचं? चला!"

पलटण बांधाकडे पळाली, सगळ्यांत पुढे मीच. मागे त्यानं आता पाठीत चोच खुपसून डोळे मिटले असतील. वळून बघायचं तोंड मला नव्हतं.