फटाक्यांच्या खोलीसमोरचं निरांजन

सोमवार, १३ फेब्रुवारी १९६१. ठरलेली रक्कम एकशे पंचवीस रुपये, पैकी पन्नास आगाऊ मिळालेले. हजर: मी, माझा धाकटा भाऊ, माझी बायको, थोरली सून, खोलीत कामाला बसलेल्या पाच बायका, मुंबईचा एक गाईड आणि त्याच्याबरोबरचे अकरा परदेशी पाहुणे.

पाहुण्यांची सहल तीन देशांची होती. आधी सिलोन, मग आपला देश, शेवटी नेपाळ. मद्रास, मुंबई, अजिंठा, वेरूळ एवढं उरकून ते आता विजापूरकडे निघाले होते. सगळे कॅमेऱ्याचे शौकीन. काहींच्या गळ्यात दोन-दोन. औरंगाबाद-सोलापूर रस्ता आमच्या तेरखेड्यावरून जातो. लेणी आणि घुमट बघून पाहुणे कंटाळले की मध्येच एखादं हाताला काम असलेलं गाव दाखवायचं, अशी त्या गाईडची पद्धत होती. दिवाळीच्या आधी तो फटाके घ्यायला आमच्याकडे उतरला होता. तेव्हाच त्यानं माझ्या भावाच्या कानावर हे घातलं होतं, आणि जानेवारीत पुन्हा येऊन ठरवलं. काम चालू असताना बाहेरून बघायचं, चहा घ्यायचा, अंधार पडला की ओढ्याकाठच्या रिकाम्या रानात बाण, भुईनळे आणि चक्रं उडवून दाखवायची.

मला हे पसंत नव्हतं. आमच्या घरात हे काम वडिलांपासून, निजामाच्या राज्यापासून. आता परवान्याला कलेक्टर कचेरीत हेलपाटे घालावे लागतात, एवढाच फरक. फटाक्यांची दारू तीच, तिचा स्वभाव तोच. पण भाऊ म्हणाला, "दादा, लगीनसराई निम्मी गेली, माल पडून हाय. एका सांजंचे सव्वाशे कोण देतंय?" मी अटी घातल्या. अंगणात एक मोठा निंब होता. त्याच्या पलीकडं विडी, काडी, दिवा काही न्यायचं नाही. खोलीत कुणी पाऊल टाकायचं नाही. फोटोसाठी ते जे झगझगीत बल्ब उडवतात, ते मोटारीतच ठेवायचे. गाईडनं सगळ्याला मान डोलावली आणि स्वतःची एकच मागणी ठेवली. पाहुण्यांना ओवाळायला हवं, लुगडं नेसून, नथ घालून, निरांजन लावलेलं ताट घेऊन.

माझी बायको म्हणाली, "त्यांच्या देशात बाया दिवं लावीत न्हाईत का, की इथवर बघाया आल्यात?"

शेवटी ओवाळणी रस्त्याकडच्या फाटकाशी करायची ठरली. फाटक खोलीपासून लांब, निंबाच्या बरंच अलीकडं. ओवाळायचं सुनेनं. ती उमरग्याच्या व्यापारी घरातली, लग्नाला तीन महिने झालेले. मुलगा तेव्हा लातूरला नोकरीच्या खटपटीत होता.

इथं एक गोष्ट सांगायला हवी. आमच्याकडे सासरा नव्या सुनेशी बोलत नाही. काही सांगायचं झालं तर सासूला सांगायचं, सासू तिला सांगणार. मी ओसरीवर आलो की ती आत जायची. तीन महिन्यांत मी तिच्याशी थेट एक शब्द बोललो नव्हतो. त्यात राग-लोभाचा प्रश्न नव्हता, रीत होती. निंबाचा नियमही तिला बायकोनंच सांगितला होता.

दारूची खोली म्हणजे चार मातीच्या भिंती, वर गवताचं छप्पर, एक रुंद दार, खिडकी नाही. उंबऱ्याशी ओलं पोतं पसरलेलं असायचं. आत येणारी प्रत्येक बाई त्यावर पाय पुसून, अंगातली वीज उतरावी म्हणून तळवे टेकून मग आत. खोलीत कुणी ओरडायचं नाही, पळायचं नाही, झटकन उठायचं नाही. एकेकीच्या मांडीत भरलेल्या नळ्या असतात, बाजूला सुटी दारू असते. दचकून उठलेली बाई आगीइतकीच वाईट, असं वडील म्हणत. बाहेर आवारातसुद्धा हा नियम पाळायचा.

साडेतीनच्या सुमाराला मोटार आली. पाहुणे उतरले, चांगली माणसं होती. एक उंच म्हाताऱ्या बाई होत्या, केस पिंजलेल्या कापसासारखे. त्यांनी उतरल्या उतरल्या मला हात जोडले. बाकीचे लगेच कॅमेऱ्यांच्या मागं लागले. सुनेनं फाटकाशी ताट धरलं, त्या म्हाताऱ्या बाईंना कुंकू लावलं, ओवाळलं. दोघा-चौघांनी फोटो घेतले. तेवढ्यावर माझी जबाबदारी संपली, असं समजून मी मोटारीच्या ड्रायव्हरला विहीर दाखवायला गेलो.

परत आलो तेव्हा ओवाळणी चालूच होती, पण फाटकाशी नव्हती.

झालं असं होतं. फाटकाशी ऊन समोरून पडत होतं. त्या उजेडात निरांजनाची ज्योत फोटोत दिसेना. पाहुण्यांना मागं काळोख हवा होता. कुणीतरी बोट दाखवलं असणार, आणि अख्ख्या आवारात काळोख एकाच ठिकाणी होता, आमच्या खोलीच्या रुंद दारात. गाईड हातानं तिला मागं मागं सरकवत होता. "अजून थोडं ताई. अजून." त्याला वाटलं, आत तर नेत नाही ना आपण, मग काय बिघडलं. ती खाली बघत, पदर डोक्यावर, ताट दोन्ही हातात, पाठीमागं न पाहता सरकत होती. निंब केव्हाच मागं पडला होता. सुकायला घातलेल्या ताऱ्यांची, म्हणजे बाणात भरायच्या दारूच्या गोळ्यांची, पोती तिच्या डाव्या बाजूला होती. पाठीमागच्या खोलीत पाच बाया खाली मान घालून नळ्या भरत होत्या.

मी ओरडू शकत नव्हतो. पळूही शकत नव्हतो. माझ्या आणि तिच्या मध्ये अकरा माणसं, त्यांचे तिकाटण्यांवर लावलेले कॅमेरे आणि गाईड. भाऊ ओढ्याकडं बाण रोवायला गेलेला. बायको चुलीपाशी चहात. मी चालायला लागलो. आयुष्यात इतकं सावकाश मी कधी चाललो नसेन. एका तिकाटण्याला माझा पाय लागला, तेव्हा गाईड मागं वळून गोडीत म्हणाला, "काका, जरा बाजूला. फोटोत येताय."

मी हात वर केला, तिच्याकडं बघितलं आणि जमेल तेवढ्या हलक्या आवाजात म्हणालो, "पुढं या. पुढं या."

तिनं ऐकलं. पण सासरा आपल्याशी बोलत नसतो. मी पाहुण्यांना बोलावतोय, असं तिला वाटलं. गाईडलाही तेच वाटलं. त्यानं खूश होऊन पाहुण्यांना खुणावलं, आणि ती अकराच्या अकरा माणसं दोन पावलं पुढं सरकली. त्यांना जागा द्यायला ती आणखी मागं गेली.

तिची टाच ओल्या पोत्यावर पडली.

मला तिचा चेहरा दिसला. त्या थंड ओलीनं तिला कळलं की आपण कुठं उभ्या आहोत. तिनं वळून पाहिलं नाही. वळली असती तर ताटासकट वळली असती आणि ज्योत उंबऱ्याच्या आत गेली असती. तिनं ताट डाव्या हातावर घेतलं आणि उजव्या हाताचा तळवा सरळ ज्योतीवर ठेवला. दाबून ठेवला. तेल तापलेलं होतं. मग ती होती तिथंच खाली बसली, ताट ओल्या पोत्यावर टेकवलं, आणि त्यावरून हात काढला नाही.

आतल्या एका म्हातारीनं मान वर करून विचारलं, "काय गं?" ती म्हणाली, "काय न्हाय. बसा तुमी."

पाहुण्यांनी गाईडला काहीतरी विचारलं. गाईड हसून बोलला. आणि पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या.

माझं शिक्षण उर्दू शाळेतलं. इंग्रजी म्हणजे मोडकंतोडकं, पण 'कस्टम' हा शब्द मला समजला. ओवाळणी संपली की दिवा असा हातानं मालवायची इथं रीत आहे, असं त्यानं त्यांना सांगितलं होतं. टाळ्या न वाजवणारी एकटी ती उंच म्हातारी. ती सुनेच्या हाताकडं बघत होती. पुढं येऊ लागली, तेव्हा मी तळवा दाखवून तिला थांबवलं. तिच्या बुटांना खिळे होते, आणि खिळा दगडावर घासला तरी ठिणगी उडते. ती थांबली.

मी सुनेपाशी गेलो. रीत तशीच राहिली असती तर मी बायकोला हाक मारली असती. "बाई, तिथंच बस," मी म्हणालो. "हात तसाच वातीवर ठिव. कुठं उडालं न्हाय ना काही?"

"न्हाय मामंजी." तिनं पहिल्यांदाच वर पाहिलं. "वात ताटातच हाय. म्या धरलीया."

तेवढ्यात गाईड माझ्या खांद्याशी आला. म्हणाला, फोटो चौघांनाच मिळाला, बाकीचे नाराज आहेत. निरांजन पुन्हा लावता येईल का, फक्त एकदा. पंचवीस रुपये जास्त.

मी त्याला निंबापर्यंत घेऊन गेलो. तिथं त्याला सांगितलं की आत दारू आहे, पाच बाया आहेत, आणि तिनं हात ठेवला नसता तर त्याची मोटार विजापूरला रिकामी गेली असती. त्याचा चेहरा उतरला. तरी तो म्हणाला, "काका, हे त्यांना सांगू नका. अजून नेपाळपर्यंत न्यायचंय मला यांना. माझी नोकरी आहे."

"तुमची नोकरी हाय, तिचा हात हाय," मी म्हणालो. "पोळलेल्या हाताला टाळ्या वाजवून ही माणसं माझ्या दारातून जाणार न्हाईत. तुमी सांगा. न्हाय तर मी सांगतो. बारूद म्हनलं आन तिकडं बोट केलं की कुठल्याबी देशाच्या माणसाला कळतंय."

त्यानं बूट मातीत घासला. मग त्यानं सांगितलं. काय शब्दांत, ते मला कळलं नाही. पण त्याचा आवाज खाली आला होता आणि हसू गेलं होतं. एकानं पायाखालची माती बघितली. मग ते एकेक करून, पाय उचलून, आजारी माणसाच्या खोलीतून निघावं तसे फाटकाकडं गेले. ती उंच म्हातारी शेवटी गेली. जाण्याआधी तिनं गळ्यातला कॅमेरा काढून पिशवीत घातला.

मी खोलीच्या दारात उभा राहून बायांना एकेक करून उठवलं. आधी मांडीतल्या नळ्या खाली, मग पदर झटकायचा नाही, मग उठायचं. पाचही जणी बाहेर आल्या.

बायको चहाचा ट्रे तसाच ठेवून धावत आली. हात बघितला, तळव्याला मोठा फोड धरला होता. त्यावर तिनं थंड पाणी ओतलं, ओतत राहिली. आणि मग तिच्या मनातलं बाहेर आलं. सवाशिणीनं जळता दिवा हातानं मालवला. लग्नाचं पहिलं वर्ष. पोरगा परगावी. येरमाळ्याच्या देवीला जावं लागेल, गुरुजींना विचारावं लागेल, होम घालून शांत करावी लागेल. पाणी ओतत ती बोलत राहिली, आणि जमलेल्या बाया माना हलवू लागल्या.

सुनेनं ऐकून घेतलं. मग पोळलेला हात तसाच पुढं धरून ती म्हणाली, "आत्या, इझला नसता तर शांत कराया कोण राहिलं असतं?"

मग आतली ती म्हातारी फिस्सकन हसली. तिच्यामागं दुसरी. माझी बायको आधी तिच्यावर रागावली, मग स्वतःच पदर तोंडाला लावून रडली, आणि पाणी ओतायचं मात्र थांबवलं नाही.

भाऊ ओढ्याकडून आला आणि त्याला सगळं कळलं. तो म्हणाला, आता खेळ कशाला, पन्नास परत देऊन टाकू. मी म्हणालो, ठरलंय ते करायचं. खोलीत आज कुणी बसायचं नाही, पण रानात माल रोवलेला आहे आणि त्या लोकांनी ऐकून घेतलंय. अंधार पडल्यावर ओढ्याच्या अलीकडं दोर बांधला, पाहुण्यांना दोराच्या मागं उभं केलं. बाण गेले, भुईनळे उसळले, एक चक्र अर्ध्यातच अडकून फरफरलं. त्यांनी ते उघड्या डोळ्यांनी बघितलं. दोन-तीन कॅमेरे बाहेर आले असतील. बल्ब एकही उडाला नाही.

निघताना गाईडनं पंच्याहत्तर रुपये माझ्या हातात मोजले. वरच्या पंचवीसांचा विषय त्यानंही काढला नाही, मीही नाही. त्या उंच म्हातारीनं नोटांची घडी पुढं केली, ती मी घेतली नाही. तिनं मग सुनेच्या चांगल्या हातावर आपला हात ठेवला.

दुसऱ्या दिवशी येरमाळ्याच्या डॉक्टरला पट्टी आणि मलमाचे तीन रुपये दिले. बायको बरोबर होती. तिनं देवीला नारळ फोडला, पण गुरुजींना काही विचारलं नाही.

शनिवारी मी मजुरी वाटत होतो. सोमवारी खोली लवकर बंद झाली तरी पाच जणींना पूर्ण दिवसाची मजुरी धरली होती. पाचवीच्या हातात पैसे दिले आणि मी ओसरीवरून हाक मारली, या वेळी सरळ सुनेलाच. ती पदर सावरत आली. मजुरीचा दर त्या वेळी दिवसाला पंच्याहत्तर नये पैसे होता. सोमवारच्या दिवसाची मजुरी, सहावी, तिच्या डाव्या हातावर ठेवली.