टायगरला क्लॅरोनेट द्यायची नाही

खून-दरोड्यांचे तपशील आता पुसट झाले. एका क्लॅरोनेटचा अर्ज मात्र डोक्यातून जात नाही.

दोन हजारच्या दशकातली गोष्ट. नाशिकच्या एका ठाण्यात मी निरीक्षक होतो. लोक सायबर कॅफेत बसून ऑनलाइन लिलावात बोली लावायला लागले होते. आम्हाला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. एके सकाळी सरकारी नोकरीतल्या एक बाई अर्ज घेऊन आल्या. लिलावात एक जुनी क्लॅरोनेट त्यांनी सर्वांत वरची बोली लावून जिंकली होती आणि विकणारा आता ती द्यायला तयार नव्हता.

पैसे गेलेले नव्हते, त्यामुळे फसवणुकीचा गुन्हा बसत नव्हता.

"बाई, दुसरी घ्या ना," मी म्हणालो.

"दुसरी नको साहेब." एवढंच बोलून त्या बसून राहिल्या. त्या उठाव्यात म्हणून मी अर्ज चौकशीला घेतला, हे कबूल करतो.

आमचे हवालदार निफाड तालुक्यातले. दोन दिवसांत त्यांनी खबर काढली. जाहिरात विंचूरच्या एका कॅफेतून टाकलेली होती. विकणारा म्हातारा कांदा पिकवायचा आणि लग्नसराईत बँडमध्ये वाजवायचा. मला वाटलं, नसलेल्या वस्तू दाखवून लोकांना नादी लावणारी टोळी असणार. म्हाताऱ्याला क्लॅरोनेटसकट ठाण्यात बोलावलं आणि आवाज चढवूनच सुरुवात केली.

"लिलाव झाला. आता माल का देत नाही?"

म्हातारा जराही घाबरला नाही. "साहेब, लासलगावच्या मार्केटात बोली झाली तरी शेतकऱ्याला नाय पटली तर तो ट्रॅक्टर वळवून घरी जातो. त्याला कोन पोलिसात नेतं का?"

"भाव कमी आला का?"

"भाव लय चांगला व्हता. मानूस नाय पटला. मार्केटात बोली बोलनारा समोर उभा ऱ्हातो. इथं नाव काय, तर टायगर! माझे दात गेले, फुंकता येत नाय. न वाजवता ठिवली तर लाकूड तडकतं, म्हनून इकायला काढली. पन वाघाच्या तोंडात कशी देऊ?"

मला हसू आवरेना. "टायगर बाहेर बाकावर बसलाय," म्हणालो आणि बाईंना आत बोलावलं. डब्याची पिशवी सांभाळत त्या आल्या. बोलीसाठीचं ते नाव त्यांच्या कॅफेवाल्याने ठेवलेलं होतं.

म्हाताऱ्याने त्यांना खालवर बघितलं. "वाजवता येतं का, ताई?"

"नाही."

"मंग कशाला पायजे?"

हा प्रश्न मी विचारायला हवा होता. बाईंनी क्लॅरोनेट हातात घेतली, उलटी केली आणि भोंग्याच्या कडेवर बोट ठेवलं. तिथे कर्कटकाच्या टोकाने एका मुलीचं नाव कोरलेलं होतं. "हे मी कोरलंय. तिसरीत असताना. मार खाल्ला होता बाबांचा." वडील ती वाजवायचे, पण अडचणीत त्यांनी ती विकली होती. आता ते अर्धांगवायूने पडून होते. जाहिरातीच्या फोटोत ते नाव दिसल्यावर बाईंनी बोली सोडली नव्हती. "वडिलांचा विषय निघाला की रडू येतं साहेब, आणि ठाण्यात रडायचं नव्हतं."

ते नाव तर अर्जाच्या तळाशी सहीतच होतं. इथे मी ते सांगत नाही.

म्हातारा मात्र वेगळ्याच विचारात. "म्हंजी तुमीच का त्या? ताई, जुन्या बाजारातून घेतली तवापासून बायको इचारतीये, ही बाई कोन. यीस वरसं झाली, इस्वास नाय. घरी यून एकदा सांगाल का तिला?"

ठाणे अंमलदारापासून सगळे हसले. बाईही हसल्या, डोळे पुसत. ठरल्या बोलीत व्यवहार तिथेच झाला.

आठवड्याने त्या जबाबावर सही करायला आल्या. विंचूरला जाऊन आल्या होत्या. म्हाताऱ्याच्या बायकोने त्यांना वाढून घातलं होतं. मी वडिलांचं विचारलं. "बाबांना बोलता येत नाही. पण क्लॅरोनेट छातीवर ठेवली, तर त्यांच्या चांगल्या हाताची बोटं चालायला लागली साहेब. बराच वेळ चालत होती."

अर्ज निकाली काढताना मी 'आपसात तडजोड' असा शेरा मारला, कारण दुसरा शब्द आमच्याकडे नव्हता. पोलिसी खाक्यात आम्ही कोण, कुठे, केव्हा, कसं हे विचारतो. कशासाठी, हे गुन्हेगाराला विचारतो. तक्रारदाराला विचारायचं राहून जातं. पुढे जितकी वर्षं खुर्चीवर होतो, तितकी वर्षं समोरच्याला मी तेच आधी विचारलं.