तोरणमाळच्या मैदानात अण्णा अणू झाले

नंदुरबारहून एसटी सुटली आणि शेजारच्या माणसानं माझ्या वडिलांना विचारलं, "पोर काय करस?" (मुलगी काय करते?)

"बॅटरी रिपेर करस," अण्णा बिनधास्त म्हणाले.

मी कपाळावर हात मारला. आमच्या घरातली पहिली पदवीधर मी, प्रयोगशाळेत वायूवर लेझर मारून नवा प्रकाश काढते, आणि आमच्या कोरीट गावात माझी ओळख बॅटरीवाली! तोरणमाळच्या आश्रमशाळेत मला बोलायला बोलावलं होतं. तिथं अण्णांनाही समजलंच पाहिजे, म्हणून त्यांना सोबत घेतलं.

शहाद्याहून जीप. घाटातल्या प्रत्येक वळणाला माझं डोकं अण्णांच्या खांद्यावर, त्यांची टोपी माझ्या मांडीवर. वर पोचलो तर गार वारा आणि शाळेत लाईट गेलेली. लॅपटॉपही मेला. गुरुजींकडची मक्याची भाकर नि उडदाची डाळ हाणल्यावर मला सुचलं, सगळे मैदानात चला!

"अण्णा, तुम्ही अणू. हालानं नही (हलायचं नाही). मी तुमच्यातला इलेक्ट्रॉन. पोरांनो, तुम्ही लेझर! काठी गावच्या होळीचा उंच दांडा उभा करताना सगळे एकाच क्षणी जोर लावतात ना? तसाच लावा. आधी मला लांब ओढा, मग उलट ढकला."

गुरुजींनी पोरांना त्यांच्या पावरी बोलीत समजावलं. पोरांनी मला थेट कुंपणापर्यंत ओढलं आणि असं ढकललं की चपला तिथंच राहिल्या. मी धाडकन अण्णांवर!

"ओ माय वं!" अण्णांच्या जाड आवाजातून इतकी बारीक किंकाळी निघाली की पोरं हसून लोळली.

"हाच तो प्रकाश!" मी ओरडले. "लेझर म्हणजे अण्णांचा जाड आवाज. इलेक्ट्रॉन परत येऊन आपटला की त्याच्या कितीतरी पट बारीक सुराचा प्रकाश निघतो. डोळ्यांना दिसत नाही, पण आम्ही तो पकडतो."

अण्णा धूळ झटकत उठले. "म्हंजे लांब जाईसन परत उनी, तवय प्रकाश?" (लांब जाऊन परत आली, तेव्हा प्रकाश?)

"हां."

"नही उनी ते?" (नाही आली तर?)

"मंग काहीच नही."

अण्णा हळूच म्हणाले, "मंग येत ऱ्हाय, माय."

दुसऱ्या दिवशी कोरीटला उतरलो. ओट्यावरून शेजारचे तात्या हसले, "काय, बॅटरीवाली उनी का?"

"ऊठ," अण्णा त्यांना म्हणाले. "आठे (इथं) उभा ऱ्हाय. हालानं नही."

टोपी माझ्या हातात देऊन ते पार गल्लीच्या टोकाच्या निंबापर्यंत पळत सुटले. माझं काम आजवर पुष्कळ जाणत्यांनी समजावून सांगितलंय, पण त्यासाठी धोतर खोचून कुणी धावलं नव्हतं. तात्यांनी घाबरून डोळे मिटले. निंबापाशी अण्णा वळले होते.